पिंपळखुटे सरांनी दिलेली परीक्षा

कमलाकर पिंपळखुटे आणि मी यवतमाळच्या एकाच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मी भूगोल, ते इंग्रजी. त्यांचा तास सुरू झाला की दार बंद असलं तरी वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत आवाज यायचा. सर एक वाक्य म्हणायचे, पन्नास मुली ते परत म्हणायच्या. सर त्यातला एक शब्द बदलायचे, पुन्हा पन्नास मुली. शेजारच्या वर्गात मी गोदावरीचं खोरं शिकवत असायचो आणि माझ्या मुली हळूच तिकडची वाक्यं पुटपुटायच्या.

चौऱ्याहत्तर साली हैदराबादला चार महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हापासून त्यांनी भाषांतर बंद केलं. 'डॉग म्हणजे कुत्रा' असं सांगणाऱ्या मास्तराला ते मास्तरच मानत नसत. भाषा कानातून आत जाते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी ऐका, मग बोला, मग वाचा, सगळ्यात शेवटी लिहा. त्यासाठी ते घरून टेपरेकॉर्डर आणायचे. खेड्यातून आलेल्या मुलींच्या तोंडी त्यांनी इंग्रजी घातली, हे कोणी नाकारणार नाही. पण हळू बोलणाऱ्या मुलीचं त्यांच्या तासाला काही खरं नसे. "तोंडात काय धरलं आहे? मोठ्यानं बोल!" एवढं ऐकलं की ती मुलगी आणखी हळू बोलायची, आणि तोंडी परीक्षेत सर तिला काठावर ठेवायचे.

आम्हा शिक्षकांशीही ते तसेच वागत. स्टाफरूममध्ये कोणी बोलत असलं की मध्येच आपलं सुरू करत. आम्ही म्हणायचो, माणसाला इंग्रजीचा ताठा आहे.

दोन हजार तीनला आम्ही दोघंही निवृत्त झालो. सरांनी लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, इंग्रजीचा क्लास काढला. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. ज्या घरांत मुलीचं शिक्षण दहावीला थांबायचं, त्या घरांतल्या मुली आता नर्सिंगला जात होत्या, कारण शेतावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. नर्सिंग झालं की पुढे नागपूरचे एजंट होते. इंग्लंडला नर्स पाहिजेत, आयर्लंडला पाहिजेत, फक्त ती आयईएलटीएस नावाची परीक्षा काढा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, असे चार भाग, आणि प्रत्येकाला नऊपैकी गुण. सरांना तर वाटलं, ही परीक्षा आपल्यासाठीच बनवली आहे. पहिलाच भाग ऐकण्याचा! त्यांनी नागपूरहून सरावाच्या कॅसेट आणि पुस्तकं मागवली आणि एकेक कॅसेट, पुस्तकातला मजकूर समोर ठेवून, पाठ होईपर्यंत ऐकली.

दीपा मनवर त्यांच्याकडे आली दोन हजार सहाच्या जूनमध्ये. दारव्ह्याची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या आणि बायकांच्या दोन्ही वॉर्डांत नर्स म्हणून काम केलेली. बाप उकंडा दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मशीनवर होता. पूर्वी त्याचं काम दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत चालायचं, आता कापूसच येत नसल्यानं दोन महिन्यांत जिनिंगला कुलूप लागायचं. दीपानं कोणाच्याही क्लासशिवाय एकदा परीक्षा दिली होती. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात आणि बोलण्यात साडेसहा. इंग्लंडच्या एका नर्सिंग होमनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण त्यांना चारही भागांत सात पाहिजे होते. पुढच्या मार्चपर्यंतची मुदत होती.

"अर्धाच गुण कमी पडून राह्यला, सर," ती म्हणाली.

"अर्धा गुण म्हणजे काय गं," सर म्हणाले. "सहा महिन्यांत काढू."

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पेपर वाचायला जायचो. वहिनी, म्हणजे शोभावहिनी, चहा द्यायच्या आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून क्लास बघायचो. दीपा ड्यूटी संपवून यायची. बाकीच्या मुली भिंतीकडच्या बाकांवर बसत, ही मात्र अगदी सरांसमोर. बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघायची, सावकाश आणि स्पष्ट बोलायची. मला वाटायचं, किती नम्र मुलगी आहे.

पण सरांचं समाधान होत नसे. एके दिवशी त्यांनी तिला वडिलांविषयी बोलायला सांगितलं. ती म्हणाली, माझे वडील जिनिंग फॅक्टरीत काम करतात, ते मशीन्स दुरुस्त करतात. सगळं इंग्रजीत, न अडखळता.

"मशीन?" सर म्हणाले.

"मशीन्स, सर."

"एस कुठे गेला? एकच मशीन आहे का तिथे? पुन्हा म्हण."

"मशीन्स."

"पुन्हा."

असं सात-आठ वेळा झालं. शेवटी तिनं तो एस सापासारखा फुसकारला, तेव्हा सर म्हणाले, "आता आला! शेवटचा एस, फ, थ, हे तू सगळे खातेस. तुझा अर्धा गुण इथेच जातो आहे."

मला एस पहिल्या वेळेपासूनच ऐकू आला होता. पण मी पडलो भूगोलाचा माणूस. म्हटलं, इंग्रजांना जसा लागतो तसा नसेल. मी पेपरात तोंड घातलं.

सहा महिने हेच चाललं. तिच्या बोलण्यातला एकेक एस सर हातोडीनं ठोकावा तसा ठोकत होते. लिहिणं त्यांनी फार चांगलं सुधारलं तिचं. निबंध कसा बांधायचा, आकड्यांच्या तक्त्यावर दोन परिच्छेद कसे लिहायचे, यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. पण बोलताना ती आता प्रत्येक अनेकवचनापाशी थांबू लागली. खड्डा आला की सायकलवाला उतरतो तशी.

डिसेंबरात तिनं दुसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल आला तेव्हा मी तिथेच होतो. लिहिण्यात सात आले होते. बोलण्यात साडेपाच.

सरांनी कागद दोनदा वाचला. "साडेपाच? आधी साडेसहा होते ना?"

"हो, सर."

"काय विचारलं होतं?"

तिला एक कार्ड मिळालं होतं. तुम्ही ज्याला मदत केली अशा माणसाविषयी दोन मिनिटं बोला. तिनं वॉर्डातली एक बाई निवडली. राळेगावकडची, फवारणीचं औषध प्यायलेली. त्या वर्षी तसे पेशंट रोजच यायचे, बाया आणि माणसं दोन्ही. दीपा तिच्याजवळ तीन दिवस होती.

"बोलून राह्यली होती मी बरी," ती सांगत होती. "मंग 'टॅब्लेट्स' म्हटलं अन् वाटलं, एस निघाला का नाही. पुन्हा म्हटलं. मंग 'रिलेटिव्ह्ज' आलं, 'आवर्स' आलं. दरवेळी मागं जाऊन राह्यली. तेवढ्यात मॅडम म्हणल्या, थँक यू. ती बाई वाचली का नाही, ते सांगायचंच राह्यलं."

"वाचली?" सरांनी विचारलं.

"नाही."

ती गेल्यावर सर म्हणाले, "हिरासिंग, माझ्या हातून कुठलाही विद्यार्थी इतका मागे गेला नाही. या परीक्षेत काहीतरी आहे जे मला समजलेलं नाही. मीच बसतो परीक्षेला."

"या वयात?"

"वैद्यानं आधी आपलं औषध चाखावं."

शोभावहिनींनी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "काही गरज नाही!" सर हसले. म्हणाले, ही बघ, लग्नापासून अशीच ओरडते.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर एसटीनं नागपूरला गेलो. परीक्षा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दारात वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी, आणि त्यांत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, त्रेसष्टाव्या वर्षी हातात दोन टोकदार पेन्सिली धरलेले आमचे सर. एका मुलीनं त्यांना विचारलं, "अंकल, आप छोडने आए हैं?" ते तिच्याकडे बघून नुसते हसले. तिचं बोलणं त्यांना ऐकूच गेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मी समोरच्या टपरीवर बसून राहिलो. दुपारी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, कसा गेला पेपर?

"त्यांचा स्पीकर खराब होता," ते म्हणाले. "पुरुष बोलला की थोडं कळायचं. बाई बोलली की नुसती गुणगुण. मी तक्रार करायला हात वर केला तर बाकी सगळी पोरं खाली मान घालून लिहीत होती."

दुपारनंतर बोलण्याची परीक्षा होती. लहान खोली, समोर एक तरुण बाई, हळू आवाजाची. नंतर त्यांनीच मला सांगितलं, तिनं काहीतरी विचारलं आणि त्यांना वाटलं ती शाळेविषयी विचारते आहे. ते शाळेविषयी बोलू लागले. ती थांबवून पुन्हा विचारू लागली. तीन वेळा त्यांनी 'पार्डन' म्हटलं. चौथ्या वेळी लाज वाटून अंदाजानंच उत्तर दिलं.

परतताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. कळंब मागे पडल्यावर एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "हिरासिंग, स्पीकर खराब नव्हता ना?"



दोन आठवड्यांनी टपालानं निकाल आला. वाचण्यात साडेआठ. लिहिण्यात साडेसात. बोलण्यात सहा. ऐकण्यात चार.

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी सरांना एका आवाजबंद पेटीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि कागदावर आलेख काढला. रेघ डावीकडून सरळ निघाली होती आणि मध्यावरून दरीत कोसळावी तशी खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलं आहे का? कॉलेजात असताना सरांनी सलग चार हंगाम जिनिंगमध्ये काम करून शिक्षण केलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली. सुरुवात तिथेच झाली असेल, पुढे वय होतंच, ते म्हणाले. निदान पंचवीस वर्षांचं दुखणं आहे.

"पण मला ऐकू येतं," सर म्हणाले. "आता तुमचं ऐकतोच आहे ना."

"भरदार आवाज येतात तुम्हाला. आ, ओ, ऊ येतात. बारीक आवाज येत नाहीत. स, फ, थ, श. बायकांचा, मुलांचा आवाज अर्धाच येतो. उरलेलं तुम्ही अंदाजानं भरता."

सरांनी विचारलं, "एखादी मुलगी शब्दाच्या शेवटी एस म्हणाली तर?"

"मुद्दाम जोर दिला नाही तर तुम्हाला येणार नाही."

घरी आल्यावर त्यांनी ते सगळं शोभावहिनींना सांगितलं. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"वीस वर्षं मी ओरडून बोलते," त्या म्हणाल्या. "किती वेळा म्हटलं, कान दाखवा. तुम्ही म्हणायचे, तुझा स्वभावच भांडखोर. शेवटी मी सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, दारव्ह्याला जायचं. दीपा रजेवर घरी होती. आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो, दाटीवाटीनं. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात खाटेवर उकंडा बसला होता, आणि दीपा त्याच्यासमोर उकिडवी बसून काही सांगत होती. एक हात त्याच्या गुडघ्यावर, डोळे त्याच्या डोळ्यांत, एकेक शब्द सुटा आणि ठळक. बाप तिच्या ओठांकडे बघत होता.

सर फाटकातच उभे राहिले. सहा महिने समोर बसून ती त्यांच्याशी असंच बोलत होती. ते मला दिसलं, आणि त्यांनाही दिसलं.

दीपाची आई इंदूबाई लगबगीनं खुर्च्या घेऊन आली. "सर आले! बसा नं, च्या ठेवतो." उकंडानं हात जोडले आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात नमस्कार केला.

सरांनी बसण्याआधीच सांगायला सुरुवात केली. परीक्षा, निकाल, डॉक्टर, आलेख. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हणाले, "तू एस खात नव्हतीस. मलाच ऐकू येत नव्हता. तुझं बोलणं चांगलं होतं, ते मी बिघडवलं."

दीपा खाली बघत होती. मग सरांच्या समोर येऊन, त्यांना दिसेल असं तोंड करून म्हणाली, "मले माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"तुमाले कमी ऐकू येते म्हणून. पहिल्याच आठवड्यात समजलं. बाबाचं असंच आहे. जिनिंगमधल्या सगळ्याच माणसाईचं असंच असते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाले? सरले कसं म्हणू, की सर तुमाले ऐकू येत नाही?" ती म्हणाली. "अन् मंग तुम्ही रोज रोज म्हणून राह्यले, त मलेच वाटाले लागलं, की खरंच नसन निघत. कान कमी असले तरी इंग्रजी त तुमचीच खरी असन. मले कोणी शिकवलं होतं? मीच आपली रेडिओ ऐकून बोलत होती."

सर म्हणाले, "मला माफ कर."

इंदूबाई चहाचे कप घेऊन दारात थबकली होती. उकंडा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, काय चाललं आहे ते त्याला कळत नव्हतं.

"माफीचं काय करू मी, सर?" दीपा शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं. "काल एजंटचा फोन आलता. ती जागा त्याईनं भरून टाकली. केरळच्या मुली भेटल्या त्याईले. मार्चपर्यंत थांबतो म्हणलते, पण नाही थांबले."

"दुसरी जागा निघेल. पुन्हा परीक्षा दे. लिहिणं तर झालंच आहे तुझं, बोलण्यासाठी दुसरा कोणी..."

"आता नको, सर. तोंड उघडलं की पहिले एसच आठवते मले. इंग्रजीत बोलावंच नाही वाटत." मग बापाकडे वळून, गुडघ्यावर हात ठेवून तिनं सावकाश सांगितलं, "सर भेटाले आलते, बाबा. चहा पेऊन जातात." आम्ही चहा प्यायलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्या महिन्यात सरांनी क्लास बंद केला. उरलेल्या मुलींना नागपूरच्या एका क्लासचा पत्ता दिला. कॅसेट, पुस्तकं बांधून शाळेच्या ग्रंथालयात नेली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, आता कॅसेट कोण ऐकतं. ते गाठोडं मग वहिनींनी माळ्यावर टाकलं. कानाचं यंत्र आणलं. ते लावून पहिल्या दिवशी त्यांना पंख्याचा, पानांचा, स्वतःच्या चपलांचा आवाज येऊ लागला आणि दोन तासांत त्यांनी ते काढून ठेवलं.

मी रोज जातच होतो. एकदा ते म्हणाले, "हिरासिंग, ज्यांना मी तोंडी परीक्षेत काठावर ठेवलं, त्या मुलींना मला भेटायचं आहे. किती जणी असतील? मी आठवायला बसतो, तर मला सगळ्या मोठ्यानं बोलणाऱ्याच आठवतात. बाकीच्यांचं मी ऐकलंच नव्हतं, तर आठवणार काय?"

मलाही त्यातली एकच आठवली. वरोऱ्याकडची एक मुलगी होती, नववीत. सर आठवडाभर तिला वर्गाबाहेर उभं करत होते आणि मी जाता-येता तिला बघत होतो. पुढच्या वर्षी ती शाळेत दिसली नाही. तिचं नाव मलाही सांगता आलं नाही. शाळेत जाऊन जुने निकाल काढू, असं सर दोन-तीनदा म्हणाले. आम्ही गेलो नाही.

हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. इंग्रजी तर पूर्ण सुटली. पूर्वी ते पोस्टमनलासुद्धा इंग्रजीत सुनवायचे, आता पेपरसुद्धा मराठीच घेत. कोणी आलं की आत जाऊन पडत. वहिनी म्हणायच्या, "आता ओरडायलाही कोणी नाही मला." मी समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून बोलायला शिकलो. फार उशिरा शिकलो.

दीपा पांढरकवड्याच्या दवाखान्यात लागली. महामार्गावरचे अपघात तिथे येतात, ट्रकवाले, हात-पाय तुटलेले, तेलुगू बोलणारे, पंजाबी बोलणारे. तिनं लग्न केलं, तिला मुलगी झाली, एवढं मला कळलं होतं. परीक्षा तिनं पुन्हा दिली नाही.

दोन हजार बाराच्या जानेवारीत सर गेले. न्यूमोनिया झाला होता, चार दिवसांत आटोपलं. वहिनींनी मला म्हटलं, त्या दीपाला कळवा. नंबर त्यांच्या वहीत होता. मी दुपारी फोन लावला. पलीकडे वॉर्डाचा गलका होता.

मी सांगितलं.

"काय झालतं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. किती दिवस होते दवाखान्यात, ऑक्सिजन लावला होता का, हेही तिनं विचारलं, नर्स विचारेल तसं.

"येशील का?" मी म्हटलं. "संध्याकाळी नेणार आहेत."

"सुट्टी नाही भेटत, सर. दोन सिस्टर नाहीत आज." मग ती म्हणाली, "काकूंजवळ कोणी आहे का?"

"आम्ही आहोत."

"बरं. ठेवतो आता, सर. पेशंट आला."

फोन बंद झाला. मी अंगणात येऊन उभा राहिलो. शाळेतले काही जुने शिक्षक आले होते, खुर्च्यांवर बसून हळू आवाजात बोलत होते. वहिनी आत एकट्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसलो.